पाणंदीतून पन्हाळ्याकडं: कोल्हापुरात ग्रॅव्हल सायकल कशी चालवावी

माझ्या एका मित्रानं हौसेनं ग्रॅव्हल बाइक (खडी-मातीच्या रस्त्यांवर चालणारी सायकल) घेतली आणि पहिले दोन महिने रंकाळ्याला चकरा मारण्यात घालवले. "खडीचे रस्ते आहेतच कुठं आपल्याकडं?" हा त्याचा सवाल. त्यानं व्हिडिओत बघितलं होतं ते सगळं टस्कनीतलं: द्राक्षमळ्यांतून वळणं घेत जाणारे पांढरे कच्चे रस्ते, टेकडीवर दगडी गाव, संध्याकाळी वाईनचा पेला. तिथल्या त्या पांढऱ्या रस्त्यांवर २००७ पासून व्यावसायिक सायकलपटूंची मोठी शर्यतही होते. झकास प्रकार आहे, वाद नाही. पण द्राक्षबागाच बघायच्या तर तासगाव गाठावं, नाहीतर नाशिक. कोल्हापूरला ऊस आहे, वाईनच्या जागी काहिलीतला, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतला, ऊन ऊन गूळ आहे, टेकडीवरच्या दगडी गावाच्या जागी अख्खा पन्हाळा आहे. आणि ग्रॅव्हल म्हणाल तर गावागावात पाणंद आहे.

पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी गाडीवाट. २०२१ पासून मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून बऱ्याच पाणंदींवर मुरूम आणि खडी पडली, त्यामुळं सायकलवाल्यांची आयतीच सोय झाली. बाकीच्या अजून मातीच्याच आहेत. पण नवख्याला एक गोष्ट कळायला वेळ लागतो. पाणंद नकाशावर वर्षभर एकच दिसते, प्रत्यक्षात ती दर दोन महिन्यांनी वेगळी असते. उसाची उंची, ट्रॅक्टरची चाकोरी, रात्री कुणी पाणी सोडलं, यावर तिथं सायकल चालवायची की खांद्यावर घ्यायची ते ठरतं. म्हणून बेत आखताना आधी उसाचं वेळापत्रक बघा, गुगलबाबा मागाहून.

आधी हंगाम

आडसाली लावण जुलै-ऑगस्टात होते, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. त्यावर खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस, वेगळाच. त्यामुळं एकाच पाणंदीच्या एका अंगाला गुडघाभर ऊस आणि दुसऱ्या अंगाला दोन पुरुष उंचीचा, असं चित्र कायम दिसतं. उंच उसातून जाताना वारा लागत नाही, पलीकडचं दिसत नाही, वळणावर समोरून बैलगाडी आली तरी ती दहा फुटांवर आल्यावरच कळते. वळणाआधी घंटी वाजवायची सवय इथंच लागते.

सायकलसाठी सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माती वाळलेली असते, गुऱ्हाळं चालू असतात, सकाळी पंचगंगेवर धुकं असतं. फक्त याच दिवसांत ऊसतोड जोरात असते, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉल्याही जोरात. मार्च ते मे या काळात जायचं तर पहाटे साडेपाचला घर सोडा आणि दुपारी बाराच्या आत पठारावरून खाली या. उन्हाचं कारण आहेच, पण खरी भीती वळवाची. सकाळी आभाळ निरभ्र असतं, दुपारी तीनला ढग भरून येतात आणि मसाई पठारावर वीज कडाडायला लागली की आडोशाला जागाच सापडत नाही.

जून ते ऑक्टोबर काळ्या मातीच्या पाणंदीत जाऊ नका. हे मी अनुभवानं सांगतोय. पहिल्या वर्षी जुलैमध्ये वडणग्याच्या बाजूला एका पाणंदीत शिरलो. पन्नास मीटरवर चाकं गोल राहिली नाहीत. माती टायरला चिकटली, तिला गवत चिकटलं, त्यावर परत माती, आणि फोर्कमध्ये पाचर बसावी तसं पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. काडीनं उकरायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायचं. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. चिखलासकट तिचं वजन किती झालं होतं ते देवाला ठाऊक. बांधावर वैरण कापत असलेल्या एका आजोबांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "पावणं, सायकल तुमाला आनलीया का तुमी सायकलीला?"

पावसाळ्यात जायचंच असेल तर मुरूम पडलेली पाणंद किंवा डोंगरातला जांभ्याचा रस्ता धरा. सप्टेंबरात पठारावर रानफुलं असतात, तेवढ्यासाठी एक फेरी करायला हरकत नाही.

पाणंद शोधायची कशी

रूट काढून देणारी ॲप पाणंदींच्या बाबतीत फारशी उपयोगाची नाहीत. त्यापेक्षा उपग्रहाच्या चित्रात गावाभोवतीचं शिवार मोठं करून बघा. हिरव्या तुकड्यांमधून जाणारी, कडेनं झाडं असलेली तपकिरी रेघ दिसली तर ती बहुधा पाणंद. झाडं नसलेली, काटकोनात वळून मध्येच संपणारी रेघ म्हणजे कुणाचा तरी बांध. बांधावरून सायकल घालायची नाही. बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात, त्यात आपलं चाक कशाला?

खात्री करायची असेल तर गाव नकाशा बघावा. त्यात गाडीमार्ग तुटक दुबार रेषेनं आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं दाखवलेले असतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरतात. प्रत्यक्षात दोन्हीकडून ऊस पुढं सरकत सरकत एकवीस फुटांचे नऊ झालेले असतात, ती गोष्ट वेगळी. तरी दुबार रेषा आहे म्हणजे वाट सार्वजनिक आहे, एवढं कळतं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पारावर विचारणं. "ही वाट कुठं निघते?" एवढंच विचारू नका, कारण "निघतीया की" हेच उत्तर मिळतं. "काल-परवा ट्रॅक्टर गेलाय का हिकडनं?" असं विचारा. ट्रॅक्टर गेलेला असेल तर वाट उघडी आहे. पुढचा प्रश्न, "रात्री पाणी कुणाचं हुतं?" शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीची असते. रात्री पाट फुटला की भर जानेवारीत सकाळी पाणंदीत घोटाभर चिखल असतो, आणि नकाशाला त्याचा पत्ता नसतो.

सायकल आणि सामान

ग्रॅव्हल बाइकच पाहिजे असं काही नाही. हायब्रीड किंवा साधी एमटीबी असली तरी चालेल, फक्त टायर किमान ४० मिलिमीटरचा घ्या. सत्तर किलोच्या आसपासचा माणूस असेल तर ट्यूबलेसमध्ये (आत ट्यूब नसलेल्या टायरात) ३० ते ३५ पीएसआय हवेचा दाब पुरतो, पुढं थोडी कमी, मागं थोडी जास्त. ट्यूब असेल तर ४०-४५ ठेवा, नाहीतर दगडावर आपटून रिमखाली ट्यूब चिमटते. डांबरी रस्त्याच्या सवयीनं ७० भरून आलेला माणूस पहिल्या दोन किलोमीटरांतच ओळखू येतो. त्याचे दात वाजत असतात.

आपल्याकडचा खरा शत्रू काटा. बाभळीचा लांब आणि सराट्याचा तिरका. शेताच्या कुंपणाला तोडून लावलेली बाभूळ वाळून पाणंदीत पसरते, आणि सराटा तर कडेच्या मातीत पसरलेलाच असतो. ट्यूबलेस करून घेतलंत तर प्रत्येक टायरात साधारण ६० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घाला आणि आपल्या उन्हाळ्यात दर तीन-चार महिन्यांनी ते सुकलंय का बघा. चाकात काटा दिसला आणि हवा जात नसेल, तर तो घरी पोहोचेपर्यंत काढू नका. तोच बूच असतो. काढावाच लागला तर भोक खाली येईल असं चाक फिरवून थांबा, सीलंट तिथं जमा होतं. ट्यूबवाल्यांनी पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून जुनं सुती फडकं फिरवावं. काट्याचं मोडकं टोक आत असेल तर धागा अडकतो. बोटानं चाचपू नका, रक्त निघतं.

दुसरा शत्रू पाचट, आणि याची सूचना कुठल्याच परदेशी मार्गदर्शकात मिळणार नाही. ऊस तोडल्यावर वाळलेली पानं पाणंदभर पसरतात. गादीवरून चालवल्यासारखं मऊ वाटतं, पण त्यातलं एखादं लांब पान मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या यंत्रात) शिरलं की दोरीसारखं गुंडाळत जातं. कुर्रकुर्र आवाज येतो. आवाज आला की पॅडल तिथंच थांबवायचं. "पुढं मोकळ्यात बघू" म्हणून मी चार पॅडल जास्त मारली, तर डिरेलर अडकवायचा हँगर मोडला आणि डिरेलर चाकाच्या तारांत गेला. त्या दिवशी उरलेला प्रवास टेम्पोत, गवताच्या भाऱ्यांवर बसून. तेव्हापासून सुटा हँगर बॅगेत असतो. थोड्या ग्रॅमची वस्तू आहे, पण प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो, म्हणून आपल्या मॉडेलचाच आणून ठेवा.

बाकी सामान नेहमीचं: एक सुटी ट्यूब (ट्यूबलेस असली तरी), प्लग, पंप, चेनची जोडकडी, चेन तोडायचं अवजार, टायर लिव्हर. गिअर हलका हवा. पुढचा सगळ्यात छोटा दातेरी आणि मागचा सगळ्यात मोठा, यांचे दात निदान सारखे असावेत, मागचे जास्त असले तर उत्तमच. जोतिबाच्या चढाला पाय दुवा देतील.

खाण्यासाठी महागड्या जेलची गरज मला कधी वाटली नाही. मूठभर गूळ-शेंगदाणे, थोडा मिठाचा भडंग, दोन बाटल्या पाणी आणि त्यातल्या एकीत लिंबू-मीठ. पठारावर जायचं असेल तर तिसरी बाटलीही घ्या, कारण वर पाण्याचा भरवसा नाही.

वाट: गंगावेश ते जोतिबा

पूर्ण फेरी साधारण ६५ ते ७० किलोमीटरची होते. किती पाणंदी धरता त्यावर थोडं कमी-जास्त. नवख्यानं पठार सोडून द्यावं, म्हणजे ५० च्या आसपास येईल.

सुरुवात गंगावेशीत करा. तिथल्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. सायकलस्वारानं अर्धाच पेला घ्यावा, पूर्ण पेल्याची चूक गिरोलीच्या चढावर आठवते. तिथून घाटाकडं उतरून शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली की डावीकडं आंबेवाडी-चिखली आणि उजवीकडं वडणगे. आपण जाताना उजवीकडं जायचं आणि संध्याकाळी चिखलीकडून परत यायचं.

वडणगे, निगवे दुमाला, कुशिरे ही ओळ मनात ठेवा आणि तिच्या अवतीभवतीच्या पाणंदी निवडा. जमीन जवळपास सपाट, काळी, आणि हंगामात दर थोड्या अंतरावर धूर. तो धूर दिसला की तिकडं वळा.

गुऱ्हाळ बघायला पंधरा मिनिटं नाही, तासभर द्या. घाण्यावर गाळलेला रस काहिलीत येतो आणि चुलवाणात वाळलेल्या चिपाडाचा जाळ असतो, म्हणजे उसाचा गूळ उसाच्याच सालपटावर शिजतो. रस तापला की त्यात रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडाचं चिकट पाणी घालतात, ते घाण धरून वर आणतं. ही मळी झाऱ्यानं काढून टाकतात. मग फेस बदलत जातो: आधी पांढरा आणि उथळ, मग पिवळट, शेवटी जड, सावकाश फुटणारे सोनेरी बुडबुडे. या टप्प्याला गुळव्या कुणाशी बोलत नाही. तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळवतो आणि ती भांड्यावर आपटून आवाज ऐकतो. थर्मामीटर लावला तर तो ११८ अंशांच्या आसपास दाखवेल, पण थर्मामीटर लावतो कोण! गोळीचा आवाज पटला की हाक जाते आणि चार-पाच माणसं मिळून काहील गूळ गार करायच्या वाफ्यात रिकामी करतात. त्या अर्ध्या मिनिटात मध्ये कुणी उभं राहायचं नाही. आपण तर नाहीच. उकळता पाक अंगावर पडला तर कातडीला चिकटून राहतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती या गुळाच्या व्यापारासाठी. आज मात्र गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत, कारण ऊस साखर कारखान्याला घालणं कमी कटकटीचं. म्हणून चव बघायला दिलेला गूळ फुकट खाऊन निघू नका, किलोभर विकत घ्या. फोटो काढायच्या आधी विचारा. आणि रस्त्याकडेच्या ऊसतोड कामगारांच्या खोप्यांचे फोटो तर अजिबात काढू नका. ते त्यांचं घर आहे, तुमच्या सहलीचं दृश्य नव्हे.

कुशिऱ्यापुढं पोहाळे येतं. तिथं डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत, आणि गर्दी जवळजवळ नसते. सायकल सावलीत लावून, बूट मोकळे करून थोडं बसा, कारण पुढं चढ आहे.

गिरोलीमार्गे जोतिबा. डोंगराचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट, आणि कोल्हापूर त्याच्यापेक्षा साडेतीनशे-चारशे मीटर खाली. हा चढ जवळजवळ सलग आहे. पहिल्याच वळणाला जोर लावणारे चौथ्या वळणाला कडेच्या कठड्यावर बसलेले दिसतात. सगळ्यात हलका गिअर आधीच टाका, बसूनच चालवा आणि बोलता येईल एवढाच दम लागू द्या. डांबर सोडून कच्च्या वाटेनं चढत असाल तर उभं राहू नका. वजन पुढं गेलं की मागचं चाक मुरमात गरगरतं.

रविवारी ही वाट टाळा. रविवार देवाचा वार, गाड्यांची रांग लागते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत तर सासनकाठ्या आणि गुलालाखेरीज काहीच दिसत नाही. यात्रा बघायलाच जायचं, पण पायी. गुलाल चेनमध्ये गेला की आठवडाभर तेलातून गुलाबी रंग निघत राहतो. चांगभलं म्हणायचं आणि धूत बसायचं.

पन्हाळा आणि पठार

जोतिबाहून दाणेवाडीच्या बाजूनं वाघबीळ आणि तिथून पन्हाळा. वाघबीळला रत्नागिरीचा महामार्ग लागतो. तिथं ट्रक आणि बस जोरात असतात, म्हणून तेवढा तुकडा पांढऱ्या पट्टीच्या आत, एकामागं एक. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात उभा राहिलेला हा गड २०२५ पासून 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावानं जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यातल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. २०२१ च्या पावसात गडाचा मुख्य रस्ताच खचला होता, तेव्हा पावसाळ्यात येण्याआधी रस्ता चालू आहे का ते विचारा. प्रवेशापाशी बाजीप्रभूंचा पुतळा आहे. आत गेल्यावर अंबरखाना, तीन मजली अंधारबाव, सज्जाकोठी आणि तीन दरवाजा एवढं बघायला सायकल बरी पडते, फक्त दगडी पायऱ्यांवर आणि तटावर ती नेऊ नका.

खायचं ते इथंच खा. गडावर झुणका-भाकर सगळीकडं मिळते. तांबडा-पांढरा रस्सा परतीनंतर रात्री ठेवा. मटण खाऊन पठारावर जाणारे मी बघितलेत, झाडाखाली झोपलेले.

आता मसाई पठार. सिद्दी जौहरचा वेढा मार्च १६६० पासून पडलेला होता. १२ जुलै १६६० च्या रात्री, भर पावसात शिवाजी महाराज गडावरून निसटले आणि विशाळगडाकडं निघाले ते याच अंगानं. शिवा काशीद महाराजांच्या वेषात शत्रूच्या हाती गेला, बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली. आजही आषाढात हजारो लोक पन्हाळा ते पावनखिंड पायी जातात. त्या पूर्ण वाटेवर सायकल घालायचा मोह टाळा. म्हाळुंग्याच्या पुढं पठारापर्यंत सायकल मस्त जाते. पण पुढं खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी (चिखलीजवळची नव्हे) अशा वाड्यांतून पांढरेपाण्याकडं जाणाऱ्या वाटेवर ओढे, दगड आणि झाडी आहे. तिथं सायकल निम्मा वेळ हातात असते.

पन्हाळ्यावरून तुरुकवाडी, म्हाळुंगे असं जाऊन पठारावर चढलात की एकदम सगळं उघडं पडतं. जांभ्याची सपाटी, मध्ये पातळ गवत, लांबवर मसाई देवीचं छोटं देऊळ. इथली जमीन सायकलला खरी ग्रॅव्हल देते: वाटाण्यापासून लिंबापर्यंतच्या आकाराचे लालसर खडे, खाली कडक फरशी. सरळ जाताना काही अडचण नाही, पण वळताना खडे चाकाखालून गोट्यांसारखे निसटतात. म्हणून वळणाआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक लावू नका. बाहेरचा पाय खाली आणि त्यावर वजन. नजर पुढच्या दहा मीटरवर, चाकाखाली नाही. पाऊस पडून गेल्यावर कातळावर शेवाळ असतं, त्यावर उतरून चालणं शहाणपणाचं.

पठार हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जुन्या चाकोरीबाहेर चाक नेऊ नका. कातळावरच्या बोटभर मातीत फुलं उगवतात, तिथं एका टायरची रेघ पुढच्या पावसापर्यंत तशीच दिसते. आणि कडेपासून लांब राहा. गवतात कडा कुठं संपतो ते दिसत नाही, धुक्यात तर नाहीच.

मोबाइलची रेंज इथं येते-जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि कोणत्या गावावरून परत येणार ते घरी सांगून ठेवा. दिवस मावळायच्या आत खाली यायचं, यात सूट नाही. डोंगरकडेला बिबट्या आणि गवे आहेत, उसातही येतात. गवा दिसला तर जागीच थांबा, अंतर ठेवा, त्याला वाट मोकळी द्या. हॉर्न, शिट्टी, सेल्फी काही नको. वाडीवरची कुत्री मागं लागली तर मात्र सायकल पळवू नका. खाली उतरा, सायकल मध्ये धरा, चालत राहा. चार पावलांत त्यांचा उत्साह संपतो.

उतार आणि परतीची वाट

चढापेक्षा उतारात लोक जास्त पडतात. मुरमाच्या उतारावर कमरेचा भार मागं, कोपर सैल, दोन्ही ब्रेक हलके हलके. पुढचा ब्रेक एकटा दाबलात तर चाक घसरतं. ट्रॅक्टरची खोल चाकोरी लागली की एकतर पूर्ण तिच्यात चालवा किंवा पूर्ण बाहेर. मधूनच तिरकं बाहेर निघायला गेलात तर कडेला चाक घासतं आणि माणूस आडवा होतो.

केर्लीपर्यंत खाली आलात की महामार्ग सोडून कासारीच्या बाजूला वळा. वरणगे-पाडळीच्या शिवारातून प्रयाग चिखलीकडं पाणंदी निघतात. वेळ असेल तर आणखी पश्चिमेला यवलूज-पडळपर्यंत जाऊन नदीकाठानं या. इथं नदी ओलांडायची तर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बर्गे, म्हणजे फळ्या, बसवून पाणी अडवतात, पावसाळ्याआधी काढतात. वरून जाणारी अरुंद वाट सायकलला पुरते, कठडा असेलच असं नाही. समोरून मोटारसायकल येत असेल तर अलीकडंच थांबा. पावसाळ्यात पेपरातली ती नेहमीची यादी वाचल्याशिवाय निघू नका: "कासारी नदीवरील यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे..." या बातमीत गावाचं नाव असेल तर बंधारा पाण्याखाली आहे. वरून पाणी फक्त वीतभर दिसलं तरी सायकल घालू नका. वीतभर पाणीसुद्धा चाक उचलतं.

हंगामात संध्याकाळी या बाजूला उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर गाणी लावलेली, त्यामुळं मागून तुमची घंटी ऐकू जाणं शक्य नाही. ओव्हरटेक करताना दोन ट्रॉल्यांच्या जोडापाशी रेंगाळू नका. वळणावर मागची ट्रॉली आत कापते. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, म्हणून आपला दिवा चार वाजल्यापासूनच लावा. आणि हो, चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचा नाही. लहानपणी सगळ्यांनी ओढलाय, पण तेव्हा आपण पायी होतो.

प्रयाग चिखलीला थांबा. भोगावती, कुंभी, तुळशी, कासारी आणि गुप्त सरस्वती मिळून इथून पंचगंगा होते. २०१९ च्या महापुरात हे गाव आणि शेजारची आंबेवाडी पाण्यात गेली होती. पाणी कुठवर आलं होतं ते विचारलंत तर लोक हात वर करून भिंतीवरची जागा दाखवतात, आणि मग चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. इथून शिवाजी पूल जवळच आहे.

चढ नको असेल तर

गुडघे कुरकुरत असतील तर शिरोळ तालुका. कोल्हापूर-मिरज रेल्वेनं जयसिंगपूर, तिथून शिरोळ, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड, पुढं अकिवाट, सैनिक टाकळीच्या बाजूनं खिद्रापूर. सगळं सपाट, सगळं काळं, म्हणजे डिसेंबर उजाडेपर्यंत वाट बघा. शेवटी कोपेश्वराचं शिलाहारकालीन मंदिर. स्वर्गमंडपात ४८ खांब आणि मध्ये उघडं आभाळ. दुपारी बारा-साडेबाराला पोहोचलात तर वरच्या गोल झरोक्यातून उन्हाचा तुकडा खालच्या गोल शिळेजवळ पडलेला दिसतो. परतताना वाडीत बासुंदी आणि कवठाची बर्फी. या वाटेवर वजन कमी होईल ही आशा ठेवू नका.

घरी आल्यावर

सायकल लगेच धुवा. काळी माती वाळली की सिमेंट होते. मात्र प्रेशरचा फवारा चाकाच्या आसाजवळ मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. बादली, ब्रश आणि जुना कपडा पुरे. डिरेलरच्या छोट्या चाकांत पाचटाचे धागे असतात, ते चिमट्यानं काढा. टायर हातानं फिरवून काटे मोजा, माझा आकडा एका फेरीत अकरापर्यंत गेलाय.

आणि हँडलच्या बॅगेतला गूळ त्याच रात्री काढून डब्यात ठेवा. मी एकदा विसरलो. सकाळी मुंग्यांची रांग उंबऱ्यापासून सुरू होऊन, टायरवरून चढून, ब्रेकच्या केबलवरून थेट बॅगेपर्यंत गेली होती. त्यांना वाट कुणाला विचारावी लागली नव्हती.